मेहरूणची वाफेची पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही आणि मतांचीही नाही. मी वाफेची पेटी. जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहिनीताईंचं निसर्गोपचार केंद्र आहे. तिथल्या पुढच्याच खोलीत, फाटक दिसेल अशा खिडकीजवळ मी उभी असते. माणूस माझ्या पोटात स्टुलावर बसतो, पुढची दोन दारं लागतात आणि वरच्या गोल भोकातून त्याचं डोकं तेवढं बाहेर राहतं. खालून कुकरच्या नळीने वाफ येते. थोड्या वेळाने माणूस घामाने निथळत बाहेर पडतो आणि म्हणतो, "हलकं वाटलं." एवढे दोन शब्द ऐकले की माझी दारं फुगतात. लाकूड ओलं झालं की फुगतंच, पण त्यात थोडा अभिमानाचाही वाटा असतो.

जन्म माझा धुळ्याचा. हसीब मिस्तरींनी मला घडवलं. त्यांनी तोवर कपाटं केली होती, चौकटी केल्या होत्या, लग्नाचे पलंग केले होते. पण माणूस आत आणि मुंडकं बाहेर, असलं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं. मोहिनीताईंनी कागदावर काढून दिलेलं चित्र त्यांनी उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्या माणसाने गुन्हा काय केलाय?"

गळ्याचं भोक किती ठेवायचं हे काही चित्रात नव्हतं. मिस्तरींनी स्वतःच्या गळ्याला सुतळी गुंडाळली, तेच माप धरलं आणि करवत चालवली. आता हसीब मिस्तरींचा गळा कसा, तर तुरीच्या काडीएवढा. तिथेच घोळ झाला, पण तो पुढे कळला.

धुळ्याहून मला टेम्पोत घालून आणलं. पारोळ्याला चहासाठी टेम्पो थांबला तेव्हा माझ्याभोवती ही गर्दी! एकाने ड्रायव्हरला विचारलं, "ह्याच्यात बाईला कापता का हो?" ड्रायव्हर बेरकी होता. म्हणाला, "कापतो आणि जोडूनही देतो, पण आज खेळ नाही." त्या दिवसापासून मला माझ्या व्यक्तिमत्त्वाची जाणीव झाली. मी साधी फळकुटं असते तर लोक कशाला थांबले असते?

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दीपचंदभाऊ. धरणगावचे कापसाचे व्यापारी, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. गुडघे आणि कंबर घेऊन ते मोहिनीताईंकडे आले होते. स्टुलावर बसले, दारं लागली, वरच्या झाकणाचे दोन पाट त्यांच्या गळ्याभोवती मिटले आणि भाऊंचे डोळे बाहेर आले. "ताई! फाशी! फाशी!" एवढंच त्यांना म्हणता आलं. दुसऱ्या दिवशी मिस्तरी धुळ्याहून कानस घेऊन आले आणि भाऊंना समोर उभं करून भोक घासत बसले. "शेठ, माफ करा, तुम्हाला एवढी गर्दन आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं," असं ते म्हणाले. भाऊ रागावले नाहीत. उलट तेव्हापासून ते दर सोमवारी येऊ लागले आणि मला 'माझी पेटी' म्हणू लागले. भोक त्यांच्या गळ्याच्या मापाचं होतं, त्यामुळे त्यांचा हक्क मी मानत होते.

माझा कुकर सांभाळायला सुपडूभाऊ असतात. अमळनेरकडच्या खेड्यातले. ताईंसमोर बोलताना ते शुद्ध बोलायला जातात आणि दुसऱ्याच शब्दाला घरच्या बोलीवर येतात. पहिल्या दिवशी मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला होता. "ताई, हाई पेटी शे का कोंबडीनं खुराडं?" मी तो अपमान विसरले नाही, पण माणूस चांगला आहे. नळी लावायच्या आधी फडक्याने मला रोज पुसतो.

मोहिनीताईंचा एक नियम आहे आणि तो सगळ्यांना लागू. पेटीत बसलेल्याने तोंड बंद ठेवायचं नाही. सतत काहीतरी बोलत राहायचं. कारण सरळ आहे. अंग आत असतं, ते दिसत नाही. कुणाला घेरी येऊ लागली तर आधी आवाज अडखळतो, तो ऐकून ताई दार उघडतात. त्यामुळे माझ्या खोलीत दिवसभर नुसता गजर. कुणी नवकार मंत्र म्हणे, कुणी हनुमान चालिसा. निवृत्त झालेले एक मास्तर पावकी-निमकीचे पाढे म्हणत आणि चुकले की स्वतःलाच दरडावत. एक बाई सासूबद्दल बोलायच्या. त्यांची वाफ संपायची, विषय संपायचा नाही.

दीपचंदभाऊंचं वेगळंच. त्यांचं तारुण्य सुरतेच्या गाडीत गेलेलं, कापसाच्या व्यवहारासाठी महिन्यातून कितीदा जाणं-येणं. ते स्टेशनं म्हणायचे. "जळगाव-पाळधी-धरणगाव-अमळनेर-नरडाणा-शिंदखेडा-दोंडाईचा-नंदुरबार!" हे सगळं एका दमात. नंदुरबारला श्वास घ्यायचे, "इथे चहा चांगला मिळतो" म्हणायचे आणि पुढे नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली करत थेट सुरत. सुरत आलं की सुपडूभाऊ गॅस बारीक करायचे. मी जागची हलले नाही, पण ती सगळी गावं मला तोंडपाठ आहेत.

मग ती साथ आली.

केंद्राला कुलूप लागलं. सुपडूभाऊ गावाला निघून गेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एके संध्याकाळी साऱ्या मेहरूणने थाळ्या बडवल्या तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घरी साप निघाला.

पण खरा संताप मला पुढे आला. ताई खिडकीशी बसून फोनवर बोलायच्या, त्यातून मला जगाची खबर लागायची. काय तर म्हणे सगळं जग वाफ घेतंय! सकाळी वाफ, संध्याकाळी वाफ, पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ. दुकानातून प्लॅस्टिकची चिमुकली यंत्रं काय खपताहेत, नाकाएवढी! आणि मी, सागवानी, खानदानी, पारोळ्याला गर्दी जमवणारी, मी इथे धूळ खात उभी. ज्या दिवसाची वाट पाहावी तो दिवस उगवला आणि नेमकी मीच कुलपात. कुणाला सांगू?

फोन दिवसभर वाजायचा. "ताई, काढ्यात लवंग किती घालू?" "ताई, गुळवेल चालेल का? शेजारच्यांनी कुंपणावरून तोडून दिलीय, तीच आहे ना ती?" "ताई, वाफ घेतल्यावर विषाणू मरतो ना? फक्त हो म्हणा." ताई सुरुवातीला सगळ्यांना भरभरून सांगायच्या. मग हळूहळू त्यांची उत्तरं आखूड होत गेली. एका दुपारी मी त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकलं, जे आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही हो."

त्याच दुपारी त्यांनी माझी दारं उघडली, आत येऊन स्टुलावर बसल्या आणि झाकणाचे पाट गळ्याभोवती ओढून घेतले. कुकर नाही, वाफ नाही, खोलीत कुणी नाही. नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांनाच हसू आलं. "बोला मोहिनीबाई," त्या स्वतःला म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम."

आणि बोलू लागल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, लोकांना सांगतेय की शरीराचं ऐका, शरीर स्वतःच सुधारतं. ते खोटं नाही. कमरेच्या बाबतीत खरं आहे, झोपेच्या बाबतीत खरं आहे, पित्ताच्या बाबतीत तर माझ्या आईइतकं खरं आहे. पण हे जे आलंय ते मी कुठे शिकलेय? मला एवढंच कळतंय की मला कळत नाही. आणि लोकांना ते नकोय. त्यांना मी छातीठोक काहीतरी सांगायला हवंय. घाबरलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला रिकामा तांब्या देणं. पण गढूळ पाणी तरी कसं देऊ?"

मग म्हणाल्या, "मास्तर गेले."

पावकी-निमकी म्हणणारे मास्तर. मला तेव्हा कळलं. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पावणेदोनच्या पाढ्यावर ते नेहमी अडायचे.

ताई त्यानंतर अधूनमधून अशा येऊन बसायच्या. कधी भाजीवाल्यावर बोलायच्या, कधी स्वतःच्या खोकल्याला घाबरून रात्रभर जागल्याचं हसत सांगायच्या. सगळ्यांना दीर्घ श्वास शिकवणारी बाई आपलाच श्वास मोजत बसली, असं म्हणून त्या हसायच्या. "मला उपयोगी पडायचंय गं," असं एकदा मला उद्देशून म्हणाल्या. मला गं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

दुसऱ्या वर्षी जरा सैल झालं, सुपडूभाऊ परतले आणि आम्ही पुन्हा सुरू होतोय म्हणेपर्यंत एप्रिलात दुसरी लाट आली. ती पहिल्यासारखी ऐकीव नव्हती. रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा आवाज येत राहायचा. केंद्र पुन्हा बंद. बाहेर असं ऊन की माझी फळी आपोआप तडकायची.

अशाच एका भर दुपारी फाटकाशी गाडी थांबली. त्यातून दीपचंदभाऊ उतरले, मागून त्यांचा नातू अर्पित. अर्पित कर्ता माणूस, दुकान तोच पाहतो, पण आजोबांपुढे त्याचं काही चालत नाही. "दादाजी ऐकत नाहीत," तो हताश होऊन म्हणाला. "तीन दिवस अंग मोडून आलंय. दवाखान्यात म्हटलं की भांडतात. गोळी घेऊन ताप उतरवला आणि म्हणाले, चल मेहरूणला."

मोहिनीताई तोंडाला मास्क लावून दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, केंद्र बंद आहे."

"दुकान बंद असलं तरी जुन्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने देतात," भाऊ म्हणाले आणि ताईंना वळसा घालून थेट माझ्याकडे आले. स्टुलावर बसले, दारं ओढून घेतली, झाकण मिटलं. "सुपडू, कुकर लाव."

सुपडूभाऊंनी सवयीने गॅस पेटवलासुद्धा. आणि मी? मी तर आनंदाने फुलले. अखेर! माझं माणूस माझ्याकडे आलं होतं. आता दाखवते त्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्यांना, असं मनात म्हटलं.

ताईंनी खिशातून बोटाला लावायचा चिमटा काढला, अंगातला प्राणवायू मोजायचा. "हात द्या, भाऊ."

"हात आत आहेत," भाऊ म्हणाले. लबाड माणूस. डोकं सोडून सगळं माझ्या आत, आणि दारांच्या कड्या त्यांनी आतून घट्ट धरलेल्या.

ताईंनी जास्त ओढाताण केली नाही. शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. पण आधी नियम. गाडी सोडा."

भाऊ हसले. "त्यात काय! जळगाव, पाळधी..." आणि थांबले. श्वास घेतला. "धरणगाव..." पुन्हा श्वास. माझ्या फळीला टेकलेली त्यांची पाठ मला कळत होती. ती भात्यासारखी हलत होती. "अम...अमळनेर." ओठ काळसर झाले होते. तरी बेटा म्हणतो कसा, "आज पॅसेंजर आहे, ताई. प्रत्येक... स्टेशनला थांबते."

ताईंनी जाऊन गॅस बंद केला आणि नळी माझ्या तळातून ओढून काढली. "आते काय करानं, ताई?" सुपडूभाऊंनी घाबरून विचारलं. "तुम्ही खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन उभे राहा," ताई म्हणाल्या. मग भाऊंकडे वळल्या. "भाऊ, बाहेर या. सरकारी दवाखान्यात जायचंय, आत्ता."

"नाही जाणार." भाऊंचा भरदार आवाज पार बारीक झाला होता. "आमच्या गल्लीतून... तिघं गेले. पिशवीत बांधून आणले. घरच्यांना... तोंडसुद्धा दाखवलं नाही. मला इथे बसू दे. थोडी वाफ दे. ताई, दुकानदार... स्वतःच्याच मालाला नाव ठेवतो का? तुझाच तुझ्या पेटीवर भरवसा नाही?"

हा प्रश्न माझाही होता. मला ताईंचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. घरचंच माणूस उलटलं होतं.

ताईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "पेटीवर भरवसा आहे, भाऊ. म्हणूनच तिचं नसलेलं काम तिच्या गळ्यात मारणार नाही. वाफेने तुमचा श्वास सुधारणार नाही, अजून बिघडेल. आणि तुम्ही इथे कोसळलात तर मी काही करू शकत नाही. माझ्याकडे काही नाही. कळतंय का, भाऊ? माझ्याकडे ह्याच्यावर काहीच नाही."

भाऊ ऐकेनात. कड्या सोडेनात. अर्पितने एक दार धरलं, आतून भाऊंनी तेच दार धरलं, आणि आजोबा-नातवाच्या ओढाओढीत माझी बिजागरी करकरली. शेवटी ताई म्हणाल्या, "अर्पित, भाभींना फोन लाव. आवाज मोठा कर."

भाऊंच्या पत्नी चंदनभाभी धरणगावच्या घरी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. रोज देवासमोर म्हणायच्या तशा संथ आवाजात म्हणाल्या, "अर्पित, ऐक. मी पच्चक्खाण घेते. हे दवाखान्यात भरती झाले असा तुझा फोन येईपर्यंत मला पाण्याचा त्याग." आणि फोन ठेवला.

भाऊंनी अर्पितकडे पाहिलं. "घेतलं तिने?" अर्पितने मान हलवली. एकदा घेतलेलं पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नेम, भाभी मोडत नाहीत हे धरणगावात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊंना तर पन्नास वर्षं ठाऊक आहे.

"ताई," भाऊ म्हणाले, "बाहेर ऊन... कसलं आहे."

"मरणाचं आहे."

"आणि ती सकाळपासून... चुलीपाशी असेल. ती खरंच... पिणार नाही हो."

"म्हणून लवकर निघा."

कड्या सुटल्या. दारं उघडली. अर्पितच्या खांद्यावर हात टाकून भाऊ गाडीत बसले. जाताना त्यांनी ताईंकडे पाहिलंही नाही. रस्त्याने चंदनभाभींना शिव्या घालत गेले असतील, पण गेले. दोन-तीन दवाखाने फिरावे लागले, मग सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. भाभी पाणी प्यायल्याचा अर्पितचा फोन आला तेव्हा कुठे ताई खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

भाऊ वाचले. नाकातल्या नळीने, तिथल्या डॉक्टरांनी आणि नर्सबायांनी वाचवलं. घरी परतले तेव्हा अर्धे झाले होते.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दीपचंदभाऊ व्यापारी. व्यापाऱ्याला उपकार फेडायचा एकच रस्ता ठाऊक, बाजारात नाव करून द्यायचं. ताईंशी आपण वाईट वागलो हे त्यांना सलत होतं. ते भरून काढायला त्यांनी काय करावं? जो भेटेल त्याला फोनवरून सांगू लागले, "मेहरूणच्या पेटीत बसलो, तिथेच आजार मोडला. दवाखाना आपला नावाला." धरणगावातून ते जळगावच्या बाजारात आलं, तिथून अमळनेर, तिथून धुळं.

आणि एका सकाळी मी खिडकीतून पाहते तो काय, फाटकाबाहेर रांग! खोकणारी, कण्हणारी माणसं, रिक्षात आडवी टाकलेली म्हातारी. सगळी माझ्यासाठी! पारोळ्याची गर्दी हिच्यापुढे काहीच नव्हे. फाटकाजवळच्या लिंबाखाली खुर्ची टाकून खुद्द दीपचंदभाऊ बसलेले, मास्क लावून, हातात काठी, शेजारी अर्पित, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं समाधान. आपण ताईंचं केवढं भलं केलं हे बघायला ते मुद्दाम आले होते.

ताई फाटकावर उभं राहून घसा कोरडा करत होत्या. "दवाखान्यात जा. ह्याच्यावर माझ्याकडे उपचार नाही." लोक ऐकून घेत आणि तिथेच उभे राहत. "ताई गर्दीला घाबरतात," एक म्हणाला. "ओळखीच्यांनाच देतात वाटतं," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात एक व्हॅन आली आणि तिच्यातून हसीब मिस्तरी उतरले. मला जन्म देणारे. दाढी पांढरी झाली होती. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर त्यांची बायको जमीलाबी आडवी होती.

"ताई," मिस्तरी हात जोडून म्हणाले, "धुळ्यात दवाखान्यात न्यायला निघालो होतो. रस्त्यात खबर मिळाली शेठ पेटीत बरे झाले. गाडी इकडे वळवली. पेटी माझ्या हाताची आहे. सगळ्यांना नाही म्हणा, माझ्या घरच्यांना नाही म्हणू नका."

दवाखान्याकडे निघालेली गाडी इकडे वळली होती. माझ्यासाठी. उघड्या खिडकीतून मला जमीलाबींचा श्वास ऐकू आला. तो आवाज मला ओळखीचा होता, माझ्या फळीला टेकलेल्या भाऊंच्या पाठीतून मी तो ऐकला होता. आणि त्या क्षणी माझी सगळी ऐट उतरली. मला वाटलं, देवा, ह्या बाईला माझ्यात बसवू नका. कुणीतरी माझी दारं ठोकून टाका.

ताई तिथून वळल्या. त्या लिंबाखाली गेल्या. "भाऊ, तुमच्यामुळे ही गाडी वळली. माझं कुणी ऐकत नाही. आता तुम्हीच खरं सांगा."

भाऊंचा चेहरा पडला. "ताई, मी तुझ्या भल्यासाठी... आता एवढ्या लोकांत शब्द फिरवू? माझ्या शब्दावर कापसाच्या गाठी उचलल्या जातात."

"मग ती बाई इथेच राहील," ताई म्हणाल्या.

भाऊंनी व्हॅनकडे पाहिलं. जमीलाबी एक शब्द बोलून थांबत होत्या, पुन्हा एक शब्द बोलून थांबत होत्या. भाऊ काठी टेकत उठले.

"ऐका," भाऊ म्हणाले. "मिस्तरी, तुम्हीपण ऐका. मी खोटं बोललो. मी पेटीत बसलो, पण कोरडा बसलो. ह्या बाईने मला वाफेचा थेंब दिला नाही. मला हाकललं. हात जोडले, भांडलो, तरी हाकललं. मी जिवंत आहे तो सरकारी दवाखान्यातल्या नळीने. आजवर विकलेला माल कधी परत घेतला नाही, आज माझा शब्द परत घेतो. आता इथे उभे राहू नका. मिस्तरी, गाडी फिरवा! अर्पित, पुढे हो, ह्यांना रस्ता दाखव."

मिस्तरींनी एकदा खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. बापाने पाहावं तसं. मग धावत जाऊन ते व्हॅनमध्ये बसले.

जमीलाबी वाचल्या. फार दिवस लागले, पण वाचल्या. त्या रांगेतली सगळीच माणसं वाचली की नाही, ते मला ठाऊक नाही. ताईंनाही ठाऊक नाही आणि ते त्यांना अजून टोचतं.

नंतर बराच काळ आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. "जिचा स्वतःच्याच पेटीवर भरवसा नाही तिच्याकडे काय जायचं," असं लोक म्हणत. भाऊंनाही बाजारात बोलणी खावी लागली. मग हळूहळू गुडघे परत आले, कमरा आल्या, पित्तं आली. आता मी पुन्हा कामावर आहे. माझं एक दार खाली लोंबतं, तळाची फळी काळी पडलीय, आणि सुपडूभाऊ मला पुसताना म्हणतात, "म्हातारी व्हयनी तू बी." झाले तर झाले, व्हयनी तर व्हयनी.

तर मंडळी, आखडलेली पाठ घेऊन या, थकलेलं अंग घेऊन या, सासूबद्दल बोलायला या. माझं दार मोडकं असलं तरी उघडं आहे. पण श्वास पुरत नसेल तर माझ्याकडे येऊ नका, आधी दवाखाना गाठा. आलातच तर ताई दार लावून घेतील. आणि आता मीही फुगून बसेन, तुम्ही कितीही ओढलंत तरी उघडणार नाही.